तुंबलेली पन्हळ आणि नऊ वारस : सोलापुरातल्या एका बंद वाड्याचे प्रकरण

जागा जुन्या गावठाणातली, बाळी वेशीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पेठेचे नाव आणि सिटी सर्व्हे नंबर मुद्दाम गाळला आहे, कारण वारसांपैकी दोघांचे अजून एकमेकांशी बोलणे नाही. रस्त्याकडे तोंड २८ फूट, आत खोली ७२ फूट. पुढे दगडी जोत्यावर दुमजली भाग, सागवानी कडीपाटाचा. मध्ये फरसबंद चौक आणि त्यात आड. मागे तीन खणांचे माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचा भाग. डावीकडे शेजाऱ्यांशी सामाईक भिंत, उजवीकडे सहा फुटी बोळ. पुढच्या ओट्यालगत शिलाईचे एक दुकान आहे, ते जुने भाडेकरू. बाकी घराला चौदा वर्षे कुलूप.

आदल्या सप्टेंबरात मागचा मधला खण बसला. कोणी दगावले नाही, म्हणून कोणी हललेही नाही. पुढच्या आषाढात शेजारच्या काकूंनी तक्रार केली ती पडलेल्या खणाची नव्हतीच. “पाऊस थांबून आठ दिस झाले, तरी आमची भिंत वलीच हाय,” एवढेच त्यांचे म्हणणे. जोडीला डास, बोळातला कचरा, आणि दोनदा निघालेला साप.

अशा जागेबद्दल गल्लीत दोनच मते असतात. ‘पाडून टाका’ आणि ‘कोर्टात आहे, हात लावू नका’. इथे दोन्ही चुकीची होती. जागा कोर्टात नव्हती, आणि सरसकट पाडण्याइतकी गेलेलीही नव्हती. पाणी आधी, कागद त्यानंतर आणि पहार सगळ्यात शेवटी, हा क्रम पाळला म्हणून पुढचा भाग वाचला. लोक बहुधा शेवटून सुरुवात करतात.

पाणी कुठून येत होते

पहिली पाहणी आत न जाता झाली, शेजाऱ्यांच्या गच्चीवरून. बसलेल्या खणाशेजारच्या माळवदावर पाय ठेवणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. वरून दिसले ते असे. मागच्या भिंतीतून बाहेर काढलेली पत्र्याची पन्हळ पूर्ण बुजलेली. तोंडाशी पारव्याचे जुने घरटे, त्यात अडकलेल्या गुटख्याच्या पुड्या, आणि या सगळ्याला घट्ट बांधून ठेवणारी पिंपळाच्या मुळांची जाळी. मनगटाएवढ्या जाडीचा पिंपळ पन्हळीच्याच बाजूच्या सांध्यात उभा. दुसरी पन्हळ बोळाकडे, ती गंजून तुटलेली. तिचे पाणी बाहेर न पडता भिंतीवरूनच ओघळत होते. दगडावर तिथे हिरवट काळा पट्टा उठला होता.

माळवद कसे मरते ते इथे नीट समजून घ्यायला हवे. खांब-भिंतींवर तुळई, तुळईवर कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाल्याचा थर आणि वर पांढरी माती. ही माती वर्षानुवर्षे वाढत जाते. कुठे गळाले की लोक आणखी चार पाट्या टाकतात. इथे ती सरासरी सव्वा फूट भरली. मागच्या २८ बाय १६ फुटांवर म्हणजे ४४८ चौरस फुटांवर ५६० घनफूट, साडेपाच ब्रासहून जास्त (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). कोरड्या मातीचे वजन घनमीटरला १,६०० किलो धरले तरी डोक्यावर पंचवीस टन. पन्हळ तुंबली की पाणी माळवदावरच मुरते, वजन वाढते, आणि तुळईचे जे टोक भिंतीत पुरलेले असते तिथे ओल साचते. टोकाला वारा लागत नाही. तुळई मध्ये ठणठणीत आणि भिंतीत भुसा, असे म्हणूनच दिसते. खालून पाहणाऱ्याला वाटते, लाकूड चांगले आहे.

पुढच्या आणि मधल्या भागात जाता आल्यावर प्रत्येक तुळईची तपासणी टोकाशीच केली. टोकदार अणी दाबायची. अर्धा इंचही शिरली नाही तर ठीक. एका इंचाहून खोल सहज गेली तर ती तुळई धरायची नाही. हातोडीने ठोकल्यावर टणक आवाज आला पाहिजे, भद्द आवाज म्हणजे आतून पोकळ. पुढच्या भागातल्या अकरापैकी दोनच तुळया टोकाला गेल्या होत्या, दोन्ही बोळाकडच्या, तुटक्या पन्हळीखालच्या. गावभर ‘मोडकळीला आलेला वाडा’ म्हणून ओळखले जाणारे घर हे एवढेच होते.

तात्पुरता उपाय म्हणून मागच्या भागावर ४० बाय २४ फुटांची ताडपत्री गच्चीवरून ओढून घेतली, कडांना वाळूची पोती दोराने बांधून. पहिला प्रयत्न फसला. बसलेल्या खणावर ताडपत्रीला झोळ आला आणि एकाच सरीत तिथे डबके झाले. दहा बाय दहा फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सव्वादोनशे लिटरहून जास्त, तेवढेच किलो. दुसऱ्या वेळी खाली आडवे बांबू टाकून उतार बोळाकडे दिला, मग टिकले. काकूंची भिंत पुढच्या तीन आठवड्यांत वरून खाली वाळत आली. गळती नळाची की पावसाची, हा वाद तिथेच मिटला.

डासांबद्दल थोडे. महापालिकेची धूरफवारणी आधी तीनदा झाली होती. धुराने उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात. डेंग्यूचा एडिस अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस घेतो आणि त्याची अंडी कोरड्या हौदाच्या कडेला महिनोन् महिने तग धरतात. चौकातला हौद उपसून घासला, उघडी भांडी आणि एक फुटका रांजण काढला, आडात गप्पी मासे सोडले आणि तोंडावर जाळी बसवली. घासणे महत्त्वाचे, नुसते उपसून भागत नाही.

कागद

मालमत्ता कराचे बिल धाकट्या काकांच्या नावाने होते आणि ‘घर आमचेच’ असे त्यांच्या मुलांना त्यामुळे वाटत होते. कराच्या बिलावरचे नाव म्हणजे मालकी नव्हे. ते कर कोणाकडून मागायचा एवढेच सांगते. गावठाणात मालकीची नोंद पाहायची ती नगर भूमापन कार्यालयाच्या मिळकत पत्रिकेवर. पत्रिकेवर आजोबाच होते, १९७०च्या दशकात वारलेले. मूळ खरेदीखत मोडीत. ते मोडी वाचकाकडून उतरवून घेतले, तेव्हा सामाईक भिंत ‘निम्मी निम्मी’ असल्याचे त्यात स्पष्ट निघाले. चतुःसीमेचा हा एक मजकूर पुढे फार कामी आला.

वंशावळ काढल्यावर वारस नऊ. चार सोलापुरात, दोन पुण्यात, एक भिवंडीत, एक हैदराबादेत, एक परदेशात. घरात चालत आलेल्या यादीत मात्र सहाच नावे होती, दोन आत्या आणि एका आत्याची मुलगी गायब. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यातही मुलगी पहिल्या वर्गाची वारस होतीच. २००५च्या दुरुस्तीने तिला जन्मापासून सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार केले. तरीही ‘लग्न होऊन गेल्या’ म्हणून नाव वगळण्याची रीत सुटत नाही. आत्यांना वगळून पुढे गेलेला व्यवहार पाच-दहा वर्षांनीही उलटू शकतो. इथे थोरल्या आत्यांच्या घरी जाऊन “ताई, सही मागायला नाही, नाव लावायला आलोय,” असे भावाने सांगितले आणि सगळी गाठ तिथेच सैल झाली.

एकमत असेल तर मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ लावून वारस नोंद होते. वाद असेल तर १८२७च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला. परदेशातल्या भावाचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित होऊन आले. असे कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा असतो, ही तारीख हमखास हुकते. पाकीट जपून ठेवावे, पोचल्याचा तोच पुरावा.

मालमत्ता कराच्या थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४. चौदा वर्षांत मुद्दलापेक्षा शास्ती मोठी झाली होती. महापालिकेने शास्तीमाफीची अभय योजना जाहीर केली तर तेव्हा भरावे. पण तिची वाट पाहत बसू नये, कारण पत्रव्यवहाराला ‘थकबाकीदार’ हा शिक्का पहिल्या टेबलावरच अडवतो.

याच काळात एका बाहेरच्या माणसाने भिवंडीच्या भावाला त्याचा अविभक्त हिस्सा विकत मागितला. जुन्या पेठांत हा प्रकार नेहमीचा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात अशा परक्या खरेदीदाराला सामाईक ताबा मिळत नाही. पण वाटपाचा दावा लावून तो सगळ्यांना वर्षानुवर्षे नाचवू शकतो. म्हणून नऊही जणांनी आधी एक नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून एका पुतण्याला अधिकार दिले, वेगळे बँक खाते उघडले आणि खर्चाचे हिस्से लिहून ठेवले. विकायचे की ठेवायचे, हा प्रश्न त्यांनी मुद्दाम पुढे ढकलला. तो आधी काढला असता तर ताडपत्रीचे पैसेही जमले नसते.

नोटीस ही दुधारी

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम २६४ खाली आयुक्त पडायला आलेले बांधकाम पाडण्याची, सावरण्याची किंवा दुरुस्त करण्याची लेखी नोटीस काढू शकतात. मालकाने केले नाही तर महापालिका स्वतः करते आणि खर्च करासारखा वसूल करते. शेजाऱ्यांचा अर्ज याच कलमाखाली गेला, विभागीय कार्यालयात, पोच घेऊन. अर्जासोबत तीन गोष्टी होत्या : तारखेसह फोटो, हाताने काढलेला नकाशा आणि ‘पडल्यास कोणाच्या कोणत्या खोलीवर पडेल’ हे एका ओळीत. तिसऱ्या गोष्टीमुळे अर्ज वर सरकला, असे आमचे मत.

यावर काही वारसांना सुचले की सगळीच इमारत सी-१ करून घ्यावी. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. सी-१ झाले की दुकानदार आपोआप जाईल, हा हिशोब. हिशोब दोन ठिकाणी चुकतो. पाडण्याआधी भाडेकरूच्या ताब्यातले क्षेत्र मोजून पंचनामा होतो आणि पाडल्याने त्याचा हक्क संपत नाही. शिवाय पुढचा भाग खोटा सी-१ लिहून पाडला तर जुने सागवान, दगडी दर्शनी भिंत आणि रस्त्याला लागून असलेले बांधकाम, तिन्ही जातात. नव्या बांधकामाला रस्तारुंदीची रेषा आणि सामासिक अंतरे (बांधकामाभोवती सोडायची मोकळी जागा) लागू होतात. २८ फुटी तोंडाच्या जागेत ही किंमत फार मोठी.

भाडेकरूचीही बाजू होती. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ प्रमाणे दुरुस्ती ही घरमालकाची जबाबदारी, आणि १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करून खर्च वळता करू शकतो. त्यांनी दोनदा पत्रे पाठवली होती, पण मृत आजोबांच्या नावाने! “मालक कोण, तेच कुणी सांगंना,” हे त्यांचे उत्तर रास्तच होते.

संरचना तपासणीचा पहिला अहवाल परत करावा लागला. त्यात रिबाउंड हॅमरचे आकडे होते. काँक्रीटसाठीची ती चाचणी चिखलात बांधलेल्या दोन पदरी दगडी भिंतीवर करणे म्हणजे शोभेचे कागद. अशा भिंतीत पाहायचे ते वेगळे : ओळंबा लावून पोट (फुगवटा) किती, दोन्ही पदर बांधणारे आरपार दगड आहेत का, कोपरे सुटलेत का, तुळईचे टोक, आणि मातीची जाडी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हीच रचना, जाड मातीचे माळवद आणि आरपार दगड नसलेल्या भिंती, झोपेतल्या माणसांवर कोसळली होती. आपल्या भागातल्या अभियंत्याला हे वेगळे सांगावे लागू नये. दुसऱ्या अहवालात मागचा भाग स्वतंत्र भिंतींवर उभा असल्याचे नकाशाने दाखवून तेवढाच पाडायचा धरला. नऊ फूट उंचीच्या मागच्या भिंतीला अडीच इंच पोट होते. पुढचा भाग दुरुस्तीत.

नोटीस श्रावणात निघाली, पण पाडकाम दिवाळीनंतर केले. सोलापूरचा मोठा पाऊस सप्टेंबरातला, आणि ओल्या भिंतीतला चिखल तेव्हा लोण्यासारखा असतो. मधल्या काळात बोळ बंद केला, शेजाऱ्यांनी भिंतीलगतची खालची खोली रिकामी ठेवली आणि भेगांवर सहा काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीवर तारीख. सप्टेंबरअखेर दोन तडकल्या, दोन्ही मागच्या भिंतीवरच्या. चार शाबूत. म्हणजे अहवालाने कापलेली रेघ बरोबर होती.

उतरवणे

आधी महावितरणकडून मागचे मीटर कायमचे बंद. मग शेजाऱ्यांच्या घराचे आतून-बाहेरून फोटो, प्रत्येक जुनी भेग पट्टी धरून. चौकातला कडुलिंब तसाच ठेवला. तो काढायचा असता तर १९७५च्या वृक्ष जतन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागली असती.

कामाचा क्रम : माती, कड्या, तुळई, भिंत. माती समोरासमोरच्या पट्ट्यांनी, दोन्ही बाजूंनी सारखी उतरवायची. एकाच अंगाने उतरवली तर दुसऱ्या अंगाचा भार तुळई फिरवतो. उतरवलेली माती भिंतीच्या माथ्यावर साचवायची नाही, घमेल्यागणिक खाली. शाबूत दोन खणांखाली दर चार फुटांवर टेकू, पायाशी दोन इंची फळी, डोक्याला पाचर. बसलेल्या खणाखाली कोणी जायचे नाही. तो शेजारच्या गच्चीवरून, दोर बांधलेल्या गड्यांनी उचलला. भिंत दीड-दीड फुटाच्या थराने. मोकळी झालेली माती फुगते, साडेपाच ब्रासची सात ब्रास झाली. निम्मी पुढच्या माळवदासाठी चाळून ठेवली, बाकी महापालिकेने दाखवलेल्या जागी. दगड आणि धड तुळया आवारातच रचल्या.

चुका झाल्या. दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराने वेळ वाचवायला बोळातून छोटा जेसीबी आणला. तासाभरात शेजाऱ्यांच्या दोन फरश्या तडकल्याची ओरड झाली. फोटो पाहिल्यावर एक तडा जुना निघाला, एक नवा. नव्याचे पैसे दिले, जेसीबी परत गेला.

दुसरी चूक पाण्याची. मागचा जुना नळ मुख्य वाहिनीवरच बंद करायचा राहिला आणि खणताना पाइप तुटला. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. त्यामुळे तुटले त्या दिवशी कोणाला कळले नाही. चौथ्या दिवशी पहाटे पाणी सुटले आणि नुकतीच वाळलेली सामाईक भिंत पायापासून भिजली. पाडकामाआधी नळ तपासायचा तो पाणी येण्याच्या दिवशी, हे इथे यादीत चढले.

तिसरी चूक आडाची. संध्याकाळच्या पाळीत गड्यांनी पाच-सहा पाट्या राडारोडा आडात लोटला. सैल भरलेला आड पुढे वर्षानुवर्षे खचतो आणि वरची फरसबंदी घेऊन जातो. बाहेर काढायला एक जण लगेच उतरायला निघाला, त्याला थांबवले. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी आहे का एवढेच सांगते, विषारी वायूबद्दल काही सांगत नाही. गळ आणि बादलीने, वरूनच काढले. दोन दिवस गेले.

पिंपळ नुसता छाटला असता तर श्रावणात पुन्हा फुटला असता. भिंत उतरवताना मुळासकट निघाला तो भाग सुटला; पुढच्या भिंतीत शिरलेल्या मुळाच्या ताज्या कापावर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून तणनाशक लावून घेतले आणि सांधा चुन्याने भरला. गवंड्याने आधी पूजा केली, मग कोयता घेतला. त्याला अर्धा तास द्यावा, भांडण टळते.

सामाईक भिंत सात फुटांवर थांबवली. उघड्या पडलेल्या माथ्याला उतार देऊन चुन्याचा जाड थर चढवला. माथा उघडा ठेवला तर एका पावसाळ्यात आतला चिखल वाहून दोन्ही पदर सुटतात. दरजा भरायलाही चुनाच, सिमेंट नाही. सिमेंटने बाहेरचा सांधा घट्ट होतो, ओल आत कोंडते आणि दगड सुटतो. शेजाऱ्यांच्या उघड्या झालेल्या विटकामाला मात्र जलरोधक गिलावा दिला, खर्च निम्मा निम्मा, मोडी खरेदीखताच्या आधाराने.

पुढच्या भागाचे काम चैत्रात. कुजलेल्या दोन तुळया मागच्या भागातल्या धड तुळया कापून बदलल्या, टोकांना भिंतीत हवा खेळेल इतकी पोकळी ठेवून. माती सव्वा फुटावरून आठ इंचांवर आणली, मध्ये जाड प्लास्टिक, वर दर चाळीस इंचांना एक इंच उतार. दोघा वारसांना पत्रा हवा होता. मे महिन्यात पत्र्याखाली एक दुपार काढून पाहा म्हटल्यावर मागणी बारगळली. दुकान पंधरा दिवस बंद राहिले. त्या काळात ओट्यावर मंडप टाकून मशीन बाहेर चालले.

मागची मोकळी जागा धोक्याची होती, कारण रिकामा तुकडा दिसला की पेठ तिथे कचरा टाकते. बोळाच्या तोंडाला जाळीचे दार, आत सहा इंच मुरूम दाबून उतार नाल्याकडे, किल्ली शेजारच्या काकूंकडे.

नव्या पन्हळी बीडाच्या, भिंतीबाहेर दीड फूट काढलेल्या, तोंडाला जाळी. त्या वर्षातून दोनदा साफ करायच्या, मृगाआधी आणि गणपतीआधी. काम दुकानदारांनी अंगावर घेतले. शिडी त्यांच्या दुकानात उभी असते आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने तारखा लिहिलेल्या आहेत, आतापर्यंत तीन.